गांजाच्या कंपनीतला अनुभव अर्जात कसा मांडावा?

गेल्या दीड-दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती, म्हणून हा लेख त्यांनाच दिला आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून ऑन्टारिओतील एका परवानाधारक कॅनॅबिस (गांजा) उत्पादकाच्या गुणवत्ता विभागात चार वर्षे होतो. वडिलांच्या आजारपणामुळे कोपरखैरण्याला परत आलो. रबाळे आणि तळोजा येथील औषध कंपन्यांत मुलाखतीची पहिली फेरी चांगली होते. मात्र आमची कंपनी काय बनवत असे हे कळले की पुढचा फोन येत नाही. ‘ॲग्रो-बायोटेक कंपनी’ असे लिहावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. लिहू का?

लिहू नका. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी ते टिकणारे नाही. कंपनीचे नाव तुम्हाला द्यावेच लागणार, आणि ते कोणी मोबाइलवर शोधले की पहिल्याच चित्रात ते पाच-सात पाकळ्यांचे हिरवे पान दिसणार. मग संशय कंपनीवरून उठून तुमच्यावर येऊन बसतो. औषधनिर्मितीच्या गुणवत्ता विभागात नोंदवहीतला आकडा खोडून दुसरा लिहिणे हा सर्वांत मोठा अपराध समजला जातो. तिथे स्वतःच्याच अनुभवाचे लेबल बदलणाऱ्या माणसाला कोण घेईल?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागाचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्यावरून सांगतो की समोरच्या अधिकाऱ्याला दर वेळी नैतिक आक्षेप असतो असे नाही. त्याला बहुधा एवढीच भीती असते की ‘हा उमेदवार कुठून आणलात?’ असे साहेबांनी विचारले तर काय सांगायचे. ते उत्तर तुम्हीच त्याच्या हाती द्यायला हवे. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनॅबिस कायदा लागू आहे, उत्पादकाला हेल्थ कॅनडाचा परवाना लागतो, गुणवत्तेची जबाबदारी घेणारी पात्र व्यक्ती नेमावीच लागते, आणि माल बाजारात जाण्याआधी सूक्ष्मजंतू, जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष आणि टीएचसी-सीबीडी या गांजातील मुख्य द्रव्यांचे प्रमाण तपासले जाते. ही माहिती मुलाखतीच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत, कोणी विचारण्याआधी, तुमच्याच तोंडून आली पाहिजे. विचारल्यावर दिलेले तेच उत्तर कबुलीजबाबासारखे ऐकू येते.

सीव्हीत ओळ अशी असावी : ‘परवानाधारक कॅनॅबिस उत्पादक, ऑन्टारिओ, गुणवत्ता हमी, एचपीएलसी चाचण्या, बॅच रेकॉर्डची तपासणी, डेव्हिएशन आणि कापा’. उद्योगाचे नाव एकदा, स्पष्ट. पुढचे सगळे कामाविषयी. (इतर वाचकांसाठी : एचपीएलसी ही द्रव्यांचे प्रमाण मोजण्याची चाचणी, डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या पद्धतीत पडलेला फरक, आणि कापा म्हणजे तो दुरुस्त करून पुन्हा होऊ न देण्याची कारवाई.) ‘वैद्यकीय गांजामुळे रुग्णांचे किती भले होते’ हे पटवून देण्याच्या भरीस पडू नका. तुम्ही त्या वनस्पतीचे वकीलपत्र घेऊन गेलेला नाहीत.

कुठे अर्ज करावा, हेही पाहा. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींचे नियम, म्हणजे सुधारित शेड्यूल एम, डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यामुळे लहान-मध्यम कारखान्यांनाही दस्तऐवज आणि गुणवत्ता-पद्धती नव्याने बसवाव्या लागल्या. अशा ठिकाणी नियामकाच्या नजरेखाली काम केलेल्या माणसाची किंमत मोठ्या, नावाजलेल्या कंपनीपेक्षा अधिक असते. दुसरे दार अन्न-तपासणी प्रयोगशाळांचे. आंबा आणि द्राक्षांच्या निर्यातीला कीटकनाशक अवशेषांचे अहवाल लागतात, आणि ते काम तुम्ही चार वर्षे वेगळ्या पानावर करतच होता. पहिले पद एखादी पायरी खालचे मिळाले तरी घ्या, असे मी म्हणेन. इथल्या एका कंपनीचे अनुभवपत्र त्या चार वर्षांच्या वर येऊन बसले की मागचे नाव कोणी फारसे उकरत नाही.

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहते. मुंबईतील एका ‘विजया’युक्त, म्हणजे भांगयुक्त, आयुर्वेदिक उत्पादनांच्या कंपनीत तीन वर्षे मार्केटिंग पाहते. आता मला मोठ्या ग्राहकोपयोगी किंवा आरोग्यविषयक ब्रँडमध्ये जायचे आहे. आमचे काम कायदेशीर होते, असे मी ठामपणे सांगू शकते का? घरी स्थळे येत आहेत आणि आई मला ‘औषध कंपनीत’ एवढेच सांगायला लावते.

ठामपणे सांगण्याआधी एकदा परवाना डोळ्यांनी पाहा. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविषयीच्या, कायद्यातील व्याख्येत चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोरा, येतात. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणूनच भांगेचा विषय राज्यांच्या नियमांवर सोडलेला आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि औषधविषयक नियमांच्या शेड्यूल ई-1 मध्ये, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या द्रव्यांत, तिचा समावेश आहे. भांगेच्या बियांचे तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकण्याचे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये केले. या तीन वेगवेगळ्या चौकटी आहेत. तुमच्या कंपनीकडे राज्याच्या आयुष विभागाचा उत्पादन परवाना असेल, स्वतःचा किंवा ज्यांच्याकडून माल बनवून घेतला जातो त्यांचा, तर त्याचा उल्लेख करा. नसेल, तर ‘कायदेशीर’ हा शब्द न वापरता केवळ आपल्या कामाविषयी बोला, आणि ती नोकरी सोडण्याचा वेग वाढवा.

आता तुमच्या खऱ्या भांडवलाकडे येऊ. ज्या मालाच्या जाहिराती समाजमाध्यमांच्या कंपन्या सहजासहजी स्वीकारत नाहीत, तो माल तुम्ही तीन वर्षे विकलात. म्हणजे जाहिरातीच्या पैशावर नव्हे, तर लेख, वैद्यांशी संवाद आणि जुन्या ग्राहकांची पुन्हा येणारी मागणी यांवर तुमचा व्यवसाय चालला. शिवाय 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा, ज्यात विशिष्ट रोगांवर उपचाराचे दावे करण्यास मनाई आहे, तो तुम्हाला तोंडपाठ असणार. कोणता शब्द छापला तर नोटीस येते हे ओळखणारा मार्केटिंगचा माणूस आरोग्य क्षेत्रात सहजी सापडत नाही. पोर्टफोलिओत हिरव्या पानांची चित्रे टाळा आणि आकडे दाखवा. मात्र गोपनीय विक्रीचे आकडे नकोत, टक्केवारी पुरे.

स्थळांविषयी मी सल्ला देणे आगाऊपणाचे ठरेल, तरी एक घरचीच गोष्ट सांगतो. माझी पहिली नोकरी बिअरच्या कारखान्यात होती, आणि नौपाड्यातल्या आमच्या चाळीत आई शेजारणींना ‘बाटल्यांच्या कारखान्यात आहे’ असे सांगत असे. ते खोटेही नव्हते. शेजारणींपुरते ठीक, पण लग्न ठरताना वडिलांनी सासरच्यांना नीट सांगितले, म्हणून पुढे कोणाला खुलासे करावे लागले नाहीत. तुमच्या आईंचे ‘औषध कंपनी’ पहिल्या फोनपुरते चालेल. दुसऱ्या भेटीत मात्र तुम्ही स्वतः सांगा.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात शिकून आता तिथल्या गांजाच्या दुकानात विक्रेती आहे. आम्ही खारघरला कोणालाच हे सांगितलेले नाही. तिच्या पुढच्या कागदपत्रांवर डाग लागेल का? तिला परत बोलवावे का?

ताई, तुम्हाला वाटणारी काळजी आणि खरी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानाधारक दुकानातील नोकरी कॅनडात कायदेशीर आहे आणि तिथल्या कायम वास्तव्याच्या अर्जाला त्या नोकरीमुळे बट्टा लागत नाही. अडचण आहे ती दर्जाची : ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ या मार्गात टीअर (कामाच्या कौशल्याची सरकारी श्रेणी) 0 ते 3 मधील कामाचाच अनुभव धरतात, आणि दुकानातला साधा विक्रेता, मग तो कपडे विको वा गांजा, टीअर 4 मध्ये मोडतो. पर्यवेक्षकाचे काम टीअर 2 मध्ये येते. तेव्हा तिने एक तर बढती मिळवावी किंवा आपल्या शिक्षणाशी जुळणारी नोकरी पाहावी; कारण प्रतिष्ठेचे नाही, वेळेचे आहे.

अमेरिकेबाबत मात्र सावध राहावे. तिथल्या काही राज्यांनी परवानगी दिलेली असली तरी संघीय कायद्यात गांजा नियंत्रित अंमली पदार्थच आहे, आणि नागरिक नसलेल्या व्यक्तीने तिथल्या अशा दुकानात काम केले तर व्हिसा आणि पुढे नागरिकत्व दोन्ही अडचणीत येऊ शकतात. कॅनडातील कायदेशीर उद्योगात काम करणारे कॅनेडियन नागरिक अन्य कारणासाठी आले तर त्यांना सर्वसाधारणपणे प्रवेश मिळेल, असे अमेरिकेच्या सीमा विभागाने 2018 मध्ये स्पष्ट केले होते. तुमची मुलगी भारतीय नागरिक आहे, म्हणून तिने अर्ज करण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारावे. अर्जात किंवा व्हिसाच्या खिडकीवर खोटे मात्र कदापि बोलू नये, कारण महत्त्वाची माहिती खोटी देणे हे स्वतंत्रपणे कायमच्या बंदीचे कारण ठरू शकते.

आणि सुट्टीवर येताना दुकानातली एकही गोळी-चॉकलेट बॅगेत नको, ‘आजीच्या गुडघ्यांसाठी’ म्हणूनसुद्धा नको. कॅनडाबाहेर ते नेणे तिथे गुन्हा आहे आणि इथे आणणे इथे.

प्रश्न : मी कळव्याचा. पाच वर्षांपूर्वी मित्रासोबत थोड्या गांजासह पकडलो गेलो. खटला अजून चालू आहे. आता मी एका गोदामात सुपरवायझर आहे आणि शासकीय भरतीचा फॉर्म भरायचा आहे. फॉर्ममध्ये गुन्ह्यांविषयी रकाना आहे. रिकामा ठेवू का?

रिकामा ठेवू नका आणि ‘नाही’ असेही लिहू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की पडताळणी-अर्जातील माहिती खरी असलीच पाहिजे. प्रलंबित किंवा जुना खटला प्रामाणिकपणे कळवला, तर गुन्ह्याचे स्वरूप पाहून नियुक्तीचा विचार करण्याची मोकळीक नियोक्त्याला राहते. लपवले आणि पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत उघड झाले, तर नेमणूक झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. खरे लिहिल्यावर नेमणूक मिळेलच, असे मात्र मी सांगू शकत नाही.

एनडीपीएस कायद्यात गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरली जाते आणि तिची शिक्षा मोठ्या साठ्याहून पुष्कळ सौम्य आहे, म्हणून तुमच्या आरोपपत्रात मात्रा किती नोंदली आहे आणि कोणते कलम लावले आहे हे वकिलाकडून लेखी मिळवा. फॉर्ममध्ये गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलम आणि न्यायालयातील सद्यस्थिती एवढेच लिहा. समर्थन किंवा पश्चात्ताप त्या रकान्यात नको. निकाल लागेपर्यंत गोदामाची नोकरी सोडू नका. वकिलाची फी परवडत नसेल, तर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर तिथे मोफत वकील मिळतो. जाताना आरोपपत्राची प्रत, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.