शिडाच्या होडीचा डेक गळतोय? आधी भोकाकडे बघा, सीलंट नंतर

तुम्ही लिहिलंय की मुंबईहून आणलेली 16 फुटी जुनी फायबरची होडी पुण्यात सोसायटीच्या आवारात ट्रेलरवर उभी असते आणि सुट्टीला धरणाच्या पाण्यात उतरते. डेकवरच्या क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या) आणि पुलींच्या बुडाशी दोनदा सिलिकॉन भरूनही आत पाणी साचतं, तर नेमकं कोणतं सीलंट वापरावं?

बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या होड्यांवर हे काम करत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो: सीलंट निवडणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. ट्यूब बदलून हे दुखणं जाणार नाही. बोल्ट ज्या भोकातून जातो ते भोक आधी दुरुस्त करायला हवं.

अशा होड्यांचा डेक बहुधा एकसंध फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये प्लायवूड, बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम, अशी रचना असते. निदान फिटिंगांच्या (क्लीट, पुली वगैरे) खाली तरी लाकडी तुकडा बसवलेला असतो. कारखान्यात ड्रिलने आरपार भोक पाडून बोल्ट घातला, की मधल्या लाकडाच्या कापलेल्या कडा उघड्या राहतात. वरच्या सीलंटला केसाएवढी फट पडली तरी पाणी बोल्टच्या आट्यांवरून उतरतं आणि आधी त्या लाकडात शिरतं. आत थेंब पडलेला तुम्हाला दिसतो, तेव्हा लाकूड केव्हाचं पिऊन बसलेलं असतं. मग ते कुजतं, दबतं, बोल्ट ढिला होतो, फिटिंग हलायला लागतं आणि फट आणखी वाढते. बाहेरच्या कडेने भरलेलं सिलिकॉन यातलं काहीच थांबवत नाही. उलट पाणी दुसरीकडून शिरलं तर त्याला बाहेर पडायची वाटही बुजते.

म्हणून पहिलं काम म्हणजे डेक वाजवून बघणं. माठ घेताना बोटाने ठोकून बघतो तसं, स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने प्रत्येक फिटिंगच्या भोवती हलके ठोके मारा. टणक, खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत. आवाज बद्द झाला की तिथे खडूने खूण करा. खुणा फिटिंगपासून वीतभर लांब गेल्या असतील, तर वरचा थर कापून आतलं लाकूडच बदलावं लागेल. ते काम मोठं आहे आणि त्याला पळवाट नाही. खुणा भोकाच्या जवळपासच असतील, तर पुढचं वाचा.

फिटिंग काढा. आतून तारेने टोचून बघा, ओलसर भुसा निघाला तर भोकं उघडी ठेवून लाकूड पूर्ण सुकू द्या. याला आठवडे लागतात, घाई करू नका. मग 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी असलेलं भोक 12 मिलिमीटरपर्यंत मोठं करा. फिटिंगच्या बुडाखाली ते झाकलं जाईल ना, तेवढं आधी बघा. शक्य असेल तर वरचा-खालचा फायबर तसाच ठेवून, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून मधलंच लाकूड आणखी थोडं खरवडून काढा. खालच्या बाजूने चिकटपट्टी लावा. आधी नुसतं पातळ एपॉक्सी सोडून लाकडाच्या कडांना पिऊ द्या. मग त्याच एपॉक्सीत कोलॉइडल सिलिका कालवून चटणीइतकं घट्ट करा आणि भोक काठोकाठ भरा. आपल्याकडच्या फायबर-रेझिनच्या दुकानांत ही पांढरी, हलकी पूड ‘एरोसिल’ म्हणून मागितली की मिळते. एक-दोन दिवसांनी त्या कडक झालेल्या खुंटीच्या मधोमध 6.5 मिलिमीटरचं नवं भोक पाडा. आता बोल्टच्या चारी बाजूंना लाकूड नाही, फक्त एपॉक्सी आहे. पुढेमागे सीलंट गेलं तर आत थेंब पडेल, पण डेक कुजणार नाही. माझ्या दृष्टीने हाच फरक महत्त्वाचा आहे.

नव्या भोकाची वरची कड काउंटरसिंक बिटने दोन-तीन मिलिमीटर तिरकी करून घ्या. या छोट्या खळगीत सीलंटचं कडं बोल्टभोवती जाड राहतं. सपाट पृष्ठभागावर ते आवळताना पिळून निघून जातं, आणि पातळ पापुद्रा फिटिंगच्या हालचालीसोबत ताणला जात नाही, फाटतो.

आता सीलंट. पाण्याच्या पातळीच्या वरच्या, बोल्टने आवळलेल्या धातूच्या फिटिंगला मी ब्यूटाइल टेप वापरतो. ती कधी कडक होत नाही, फिटिंग पुन्हा सहज निघतं. मात्र छपराच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी पाठीची ब्यूटाइल पट्टी आणू नका. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, साधी, पिठासारखी मळता येणारी टेप हवी. पेट्रोल लागेल अशा जागी ती विरघळते, तिथे पॉलिसल्फाइड सीलंट लावा. पण पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लॅस्टिकला लावू नका, त्याने प्लॅस्टिक चिरतं. 3एम 5200सारखं पॉलियुरेथेन सीलंटपेक्षा गोंद जास्त आहे. कायमचं चिकटवायचं असेल तिथेच ते शोभतं. एम-सील नळाला उत्तम, पण ते ताठ असतं आणि हलणाऱ्या फिटिंगखाली तडकतं. तुम्ही लावलेलं सिलिकॉन मात्र कणभरही ठेवू नका. त्याच्या उरलेल्या थरावर दुसरं काहीच धड चिकटत नाही, एपॉक्सीसुद्धा. एपॉक्सी ओतण्याआधीच पातीने खरवडा, पॉलिश पेपर मारा, मग अ‍ॅसिटोनने पुसा.

आवळायला दोन माणसं घ्या. वरच्याने बोल्टचं डोकं घट्ट धरून ठेवायचं, खालच्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सीलंट कातरलं जातं. ब्यूटाइल हळूहळू सरकते, म्हणून थोडं आवळा, थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. खालून मोठे वॉशर, आणि जोर येणाऱ्या जागी पट्टीच हवी. खालच्या बाजूला सीलंट लावू नका. गळालं तर कळू दे.

जुने बोल्ट डोकं चकाकतंय म्हणून परत वापरू नका. होडी समुद्रावरची आहे. खारं पाणी साचलेल्या, हवा न लागणाऱ्या भोकात स्टेनलेस स्टीलसुद्धा गंजून झिजतं, आणि दांडी मध्येच बारीक झालेली सापडते. धरणाच्या गोड पाण्याला 304 प्रतीचं स्टेनलेस चालेल. कधी मांडव्याला, समुद्रात न्यायचा विचार असेल तर 316च घ्या. बोहरी आळीत दोन्ही मागून बघा.

एक गोष्ट पुण्याच्या हवेची. होडीच्या बंद हवाटाक्या मे महिन्याच्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. संध्याकाळी वळीव कोसळला की आतली हवा एकदम गार होते. 60 अंशांवरून 25 अंशांवर आली तर दाब सुमारे एक दशांशाने उतरतो, आणि टाकी प्रत्येक बारीक फटीतून डेकवरचं पाणी आत ओढते. ट्रेलरवर उभ्या होडीत पाणी सापडतं त्यामागे हेही कारण असू शकतं. म्हणून होडी उभी असताना टाक्यांची बुचं काढून ठेवा आणि वर ताडपत्री टाका. याच टाक्या होडी उलटली तर तुम्हाला तरंगत ठेवणार आहेत, तेव्हा त्यांची हयगय नको. तपासायला टाकीत नळीने तोंडानेच हलकी फुंकर भरा आणि फिटिंगांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीचे सांधे उकलतील.

एपॉक्सीचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, दुपारच्या उबेत. पावसाळ्यात दमट हवेने वर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात देता येत नाही.

सगळी फिटिंगं एकदम उघडू नका. डोलकाठीच्या तारा डेकला जिथे धरलेल्या आहेत तिथून सुरुवात करा. तिथलं लाकूड कुजलं असेल तर वाऱ्याच्या झोतात डोलकाठीच खाली येईल. मग मेनशीटच्या (मोठं शीड ओढायच्या दोराच्या) पुलीचा पाया, आणि साधी क्लीट सर्वांत शेवटी. त्या तारांच्या जागा वाजवून बघितल्यावर आवाज कसा आला ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.