रेस ट्रॅकवर शिकायला जायचे, पण कोणाकडे?

चिंचवडहून एका आईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा 20 वर्षांचा असून मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालयाच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात (विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बनवून उतरायची स्पर्धा) काम करतो आणि पुढे वाहनांच्या चाचणीच्या क्षेत्रात जाऊ इच्छितो. ट्रॅकवर गाडी चालवण्याचे रीतसर शिक्षण घ्यायचे त्याने ठरवले असून त्याच्यापुढे तीन पर्याय आहेत: ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर महागड्या गाड्यांच्या एका कंपनीचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे दोन दिवसांचे प्रशिक्षण, आणि घरची स्विफ्ट घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर खुला ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी आपणच ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. यातले नवशिक्याला योग्य कोणते आणि याचा करिअरला खरोखर उपयोग होईल का, असे त्या विचारतात. आपल्याला भीती वाटते, असेही त्यांनी लिहिले आहे.

सस्नेह नमस्कार.

आपल्या मुलाने इरुंगट्टुकोट्टईचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र पैसे भरण्याआधी त्याने आयोजकांना काही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि त्या उत्तरांवर हे मत बदलूही शकते.

बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून लांब आहे, 2011 ते 2013 या काळात तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, आणि तेथे शक्तिशाली गाडी चालवण्याचे आकर्षण मला समजते. परंतु कंपन्यांचे असे कार्यक्रम बहुधा ग्राहकाला गाडीची ओळख व्हावी म्हणून आखलेले असतात. पुढे चाललेल्या प्रशिक्षकाच्या गाडीमागून मोजक्या फेऱ्या होतात आणि एखाद्या वळणावर आपले काय चुकले हे समजण्याआधीच पाळी संपते. करी स्पीडवे शिकण्यासाठी चांगला ट्रॅक आहे, कारण सुमारे 2.1 किलोमीटरच्या छोट्या लांबीत तीच वळणे पुन्हा पुन्हा येतात. अडचण ट्रॅकची नाही, खुल्या दिवसाची आहे. तेथे शेजारी शिकवणारे कोणी नसेल, तर नवशिका आपल्या चुकांचाच सराव करून परत येतो.

पहिल्या दिवशी शिकायचे असते ते वेगाशिवायचे. खुर्ची अशी पुढे घ्यावी लागते की खांदे खुर्चीच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचेल. त्यानंतर नजर, आणि मग ब्रेक. रस्त्यावर आपण ब्रेक हलका दाबून जोर वाढवत नेतो. ट्रॅकवर सरळ रेषेत सुरुवातीलाच पूर्ण जोर देऊन वळणाकडे येता येता पाय हलका करत जायचे असते, कारण ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकांवर येते आणि टायरची पकड थांबणे व वळणे या दोन कामांत वाटली जाते. वर्षानुवर्षांची सवय उलटी करायची म्हणजे ती कोणीतरी शेजारी बसून मोडावी लागते.

एका विद्यार्थ्याबरोबर मी स्वतः अशा वर्गाला गेलो होतो, तेव्हा हे जवळून पाहिले. पहिल्या दोन फेऱ्या तो बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरवर डोळे रोखून होता आणि स्टिअरिंग इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरे पांढरी पडली होती. प्रशिक्षकाने गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, घ्यायला लावली, खिशातून काळी चिकटपट्टी काढून स्पीडोमीटर झाकला, आणि नंतरच्या प्रत्येक वळणाआधी डावा हात उचलून फक्त वळणाच्या पलीकडची बाजू दाखवत राहिला. दुपारपर्यंत मुलाचे हात सैल झाले होते. फेरीची वेळ कमी झाली आहे, हे त्याला कोणी सांगेपर्यंत कळलेही नव्हते.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारावा की एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात आणि तो प्रत्यक्ष शेजारी बसून एकूण किती वेळ देतो. दिवसाचे तास किती, हा प्रश्न नव्हे. दिवस आठ तासांचा असला तरी एकाच्या वाट्याला चाळीसच मिनिटे येऊ शकतात. प्रत्येक सत्रानंतर चुकांची चर्चा होते का, ओव्हरटेक कोठे आणि कोणाच्या इशाऱ्यावर करता येते, पिवळा आणि लाल झेंडा दिसल्यावर काय करायचे हे सकाळीच शिकवले जाते का, ट्रॅकवर रुग्णवाहिका पूर्ण वेळ असते का, हेही विचारावे. या प्रश्नांना जो आयोजक कंटाळतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नये, असे मी अगदी स्पष्ट सांगतो.

घरची स्विफ्ट न नेण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडील वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर झालेल्या नुकसानीची भरपाई मिळेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. जुने झालेले ऑइल सततच्या जोरदार ब्रेकिंगने उकळते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. नवशिक्याला त्या क्षणी काय करावे ते सुचणे कठीण असते. प्रशिक्षण संस्थेची गाडी घेतल्यास हा धोका बराच कमी होतो, मात्र त्या गाडीला धडक बसल्यास खर्च कोणाचा आणि किती मर्यादेपर्यंत, हे लेखी घ्यावे.

आता करिअरविषयी. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवून नोकरी मिळेल, अशी अपेक्षा त्याने ठेवू नये. पुण्यातील एआरएआय ही वाहन संशोधन व चाचणी संस्था असो, पिथमपूरचे 11.3 किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचे नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र असो किंवा वाहन कंपन्यांचे स्वतःचे चाचणी विभाग असोत, तेथे अभियंता म्हणून शिरण्यासाठी पदवी, सस्पेन्शन व टायरचा पक्का अभ्यास आणि मोजमापाची माहिती वाचण्याची सवय लागते. चाचणी ट्रॅकवर चालवण्याची तयारी कंपन्या आपापल्या पद्धतीने करून घेतात. तरीही हे दोन दिवस वाया जाणार नाहीत. पुढची चाके पकड सोडून गाडी वळणाबाहेर सरकू लागते, तेव्हा स्टिअरिंग हातात कसे हलके होते, हे ज्याने अनुभवले आहे तो त्याच गोष्टीचा आलेख वेगळ्या जाणिवेने वाचतो. चाचणी अभियंत्याला गाडीचे वागणे शब्दांत नेमके मांडता यावे लागते, म्हणून प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटे बसून गाडी कोठे काय करत होती ते त्याने वहीत लिहावे. फॉर्म्युला भारत ही अशा विद्यार्थी संघांची स्पर्धा करी स्पीडवेवर होत असल्याने त्याच्या संघाला ती वही लगेच उपयोगी पडेल. पुढे शर्यतीत उतरायचे ठरलेच, तर एफएमएससीआय या देशातील मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेचा स्पर्धा परवाना लागेल. आज त्याचा विचार नको.

जाण्याआधी त्याने दोन-तीन वेळा कार्टिंग करावे. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमी आहे, आणि वळणाची योग्य रेषा कार्टमध्ये कमी खर्चात समजते. चेन्नईसाठी जानेवारी किंवा फेब्रुवारी निवडावा. ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे परतीचा पाऊस असतो आणि एप्रिलपासून हेल्मेटच्या आत लक्ष टिकत नाही इतका उकाडा.

आपल्याला भीती वाटते असे आपण लिहिले आहे. शक्य असल्यास आयोजकांची परवानगी घेऊन आपणही बरोबर जावे आणि सकाळच्या सुरक्षेच्या तासाला मागच्या बाकावर बसावे. परतीचे तिकीट मात्र त्याच रात्रीचे काढू नका. शेवटच्या सत्रानंतरची प्रशिक्षकाशी होणारी चर्चा गाडी गाठण्याच्या घाईत अर्धवट राहता कामा नये.