मोफत, मुक्तस्रोत आणि सर्व्हरचा ‘आधार’

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी वार्षिक अहवालातले एक वाक्य तपासण्यासाठी पाठवले आहे. वाचनालयाने ग्रंथसूचीसाठी ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर घेतले आणि ते चालवण्यासाठी सर्व्हरवर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, बसवली. अहवालात याची नोंद अशी झाली: ‘सर्व्हरचा आधार म्हणून मोफत व मुक्त स्त्रोत प्रणालीची निवड करण्यात आली.’ एका सभासदाने ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ ही द्विरुक्ती असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने ‘नेमकी कोणती प्रणाली, कोहा की लिनक्स?’ असे विचारले. वाक्यात चूक आहे का, एवढाच कार्यवाहांचा प्रश्न आहे. शुद्धलेखनाची एक चूक निश्चित आहे. पण सभासद अडखळले ते त्या चुकीपाशी नव्हे.

द्विरुक्तीचा आक्षेप मराठीकडे इंग्रजीच्या चष्म्यातून पाहिल्यामुळे येतो. इंग्रजीत पैसे न पडणे आणि बंधन नसणे या दोन्ही गोष्टींना ‘फ्री’ हा एकच शब्द आहे. प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि तेव्हापासून ‘फ्री’ म्हणजे किंमत नव्हे, स्वातंत्र्य, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवणे, ते आतून अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, अशी ती चार स्वातंत्र्ये आहेत. त्यांत दराचा उल्लेख कुठेही नाही. १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला ‘ओपन सोर्स’, म्हणजे मूळ आज्ञावली (सोर्स) सर्वांना खुली असलेले, हा शब्द रूढ झाला, त्यामागेही ‘फ्री’ या शब्दाने होणारा हा घोटाळा टाळण्याची इच्छा होती. मराठीला हा त्रास मुळातच नाही. आपल्याकडे फुकट, मोफत, विनामूल्य हे शब्द एका बाजूला आणि मुक्त, मोकळा, खुला हे दुसऱ्या बाजूला इतके स्पष्ट वेगळे उभे आहेत की ‘मुक्त विद्यापीठ’ म्हटल्यावर तिथे शुल्क लागत नाही असे कोणी समजत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावातला ‘मुक्त’ हा शब्द १९८९ पासून ‘ओपन’ या अर्थाने रुळला आहे. त्यामुळे ‘फ्री’ आणि ‘ओपन’ म्हणणाऱ्यांचे इंग्रजीतले दोन पंथ मराठीत ‘मुक्त’ या एकाच छपराखाली येतात. हा तोटा आहे असे वाटत असेल, तर पहिल्यासाठी ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि दुसऱ्यासाठी ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअर’ म्हणावे. अहवालापुरते दुसरे पुरेसे आहे.

म्हणजे ‘मोफत व मुक्त’ ही द्विरुक्ती नाही. तरीही अहवालात ‘मोफत’ नसावा, कारण तो हिशेबाच्या दृष्टीने सैल आहे. मुक्तस्रोत असूनही वर्गणी भरून घ्याव्या लागणाऱ्या सर्व्हर प्रणाली आहेत, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. आणि डेबियनला पैसे पडत नसले तरी यंत्राला, विजेला आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला पडतातच. ‘परवाना शुल्क द्यावे लागले नाही’ हे वाक्य लेखापरीक्षकासमोरही टिकते. शिवाय ‘फुकट’ आणि ‘मोफत’ या शब्दांना देणाऱ्याघेणाऱ्यातला संबंध तिथेच संपल्याचा वास येतो. ‘कोहा’ हे नावच याला उत्तर आहे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या या सॉफ्टवेअरला माओरी भाषेतला ‘भेट’ या अर्थाचा शब्द दिला गेला, आणि त्या भेटीत परतफेडीची अपेक्षा अध्याहृत असते. मराठीत याला ‘देणगी’पेक्षा ‘आहेर’ जवळचा वाटतो, कारण आहेर घेणारा मनात परतीच्या आहेराची नोंद ठेवतो.

‘स्त्रोत’ मात्र सरळ चूक आहे. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. त्यावरून स्रोत, स्राव. यात ‘त्’ कुठून शिरला याचा शोध घेण्याची गरज नाही, ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ करणाऱ्या सवयीनेच हेही केले आहे, आणि ‘स्तोत्र’ शेजारी असल्याने डोळ्यालाही ते खटकत नाही. संस्कृतात ‘स्रोतस्’ म्हणजे प्रवाह, ओघ. ‘उगम’ हा अर्थ आपण नंतर त्याच्यावर बसवला, म्हणून ‘सोर्स’साठी तो काटेकोर प्रतिशब्द नाही. पण आता तो रुळला आहे आणि त्याला हटवण्याचा हट्ट मी धरणार नाही. आग्रह जोडून लिहिण्याचा आहे. ‘मुक्त स्रोत’ असे तोडून लिहिले की स्रोतच मुक्त ठरतो. ‘मुक्तस्रोत’ हा बहुव्रीही समास आहे, मुक्त आहे स्रोत ज्याचा ते. क्रम उलटला तर अनर्थच होतो, कारण करमुक्त, व्यसनमुक्त यांच्या चालीवर ‘स्रोतमुक्त’ म्हणजे ज्याच्यापासून स्रोत काढून घेतला आहे असे सॉफ्टवेअर!

‘कोणती प्रणाली?’ हा प्रश्न रास्त आहे. मराठीत सॉफ्टवेअरला ‘संगणक प्रणाली’ म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिमला ‘कार्यप्रणाली’, आणि कामाच्या पद्धतीलाही ‘प्रणाली’च. या वाक्यात तो शब्द एकटा आल्यामुळे कोहा आणि डेबियन दोन्ही त्यात मावतात. सरळ ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ लिहावे. वाचनालयात बोलताना सगळे तेच म्हणतात.

राहिला ‘आधार’, आणि खरी अडचण इथेच आहे. ‘बेस’ला आधार म्हटले की दोन वेगळे संबंध एकत्र होतात. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर आधारित आहे, म्हणजे डेबियन घेऊन त्यावरून ती घडवली आहे. तुमचा सर्व्हर मात्र डेबियनवर आधारित नाही, तो डेबियनवर चालतो. ‘पाया’ म्हणावे तर पाया एकदाच घालतात आणि तो बदलायची वेळ आली तर घर पाडावे लागते. ज्यांनी सेंटओएस ८ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमला पाया मानले होते त्यांना हे अनुभवाने कळले: ती आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे धरून सर्व्हर उभे राहिले, डिसेंबर २०२० मध्ये ती लवकर बंद होणार अशी घोषणा झाली आणि २०२१ च्या अखेरीस तिचा सांभाळ थांबला. तेव्हा लोकांनी अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स किंवा डेबियनकडे मुक्काम हलवला. घर तेच राहिले आणि खालची जमीन बदलली, हे ‘पाया’ या शब्दात बसत नाही. पाण्याच्या मोटारीला सिमेंटची करतात ती ‘बैठक’ मला मनापासून आवडते, पण अहवालात ‘सर्व्हरची बैठक’ वाचून सभासद तिचे इतिवृत्त मागतील.

नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापद घ्यावे, मराठीचा कल तिकडेच आहे. सर्व्हर ‘उभा करतात’, तो एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘चालतो’, कधी ‘बसतो’. फक्त ‘टाकणे’ जपून वापरावे. ‘विंडोज काढून लिनक्स टाकले’ हे दुकानात कोणालाही कळते, पण जुन्या वळणाच्या वाचकाला लिनक्सही गेले असे वाटू शकते.

तर वाक्य असे करावे: ‘कार्यकारी मंडळाच्या निर्णयानुसार कोहासाठीचा सर्व्हर डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवर उभा केला आहे, तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागले नाही.’ ‘निवड करण्यात आली’ यातला कर्ता हरवला होता, तोही परत आला. डेबियनची ‘स्थिर’ आवृत्ती घेतली असेल तर तो शब्द आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्ही जोडावेत. ‘स्थिर’ म्हणजे कधीच न बिघडणारी असा अर्थ नाही, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात पण आतील घटकांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत असा आहे. अशी आवृत्ती साधारण तीन वर्षे आणि त्यापुढे दीर्घकालीन देखभालीची दोन वर्षे सांभाळली जाते, तेव्हा ते पाचवे वर्ष कोणते, हेही कंसात लिहून ठेवावे.