मोटर न्यूरॉन आजारात लाळ गळते, तेव्हा आधी काय पाहावे?

वडिलांना मोटर न्यूरॉन आजार (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाण्याचा आजार) आहे, लाळ सतत गळते, रात्री ठसका लागतो, तर लाळ कमी करणारे औषध सुरू करावे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. याच आजारात आईची शुश्रूषा केली, त्या अनुभवावरून लिहितो.

या आजारात लाळ सहसा जास्त सुटत नाही. निरोगी माणसालाही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती नकळत गिळली जाते; ओठ, जीभ आणि घसा दुबळा झाला की तीच लाळ साठून बाहेर येते. म्हणून ती पातळ आहे की चिकट, हे औषधाआधी पाहावे. आम्ही ते न पाहताच आईला लाळ कमी करणारे औषध सुरू केले. आईच्या उशीवरचा नॅपकिन कोरडा राहू लागला तेव्हा गुण आला असे वाटले, पण आठवड्याभरात तोंडातून गॉज फिरवला की डिंकासारखी तार निघू लागली, आणि ती घशात अडकली की खोकून काढण्याचे बळ तिच्यात नव्हते.

लाळ पातळच असेल, तर ग्लायकोपायरोलेट, रात्री ॲमिट्रिप्टिलिन किंवा जिभेखाली ॲट्रोपिनचे थेंब (हो, डोळ्यांत घालतात तेच) यांपैकी काय द्यावे, हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. वडिलांना काचबिंदू, प्रोस्टेट किंवा बद्धकोष्ठाचा त्रास असल्यास तो आधीच सांगावा, कारण ही औषधे तो वाढवतात. ग्लायकोपायरोलेट मेंदूपर्यंत फारसे पोहोचत नसल्याने वयस्कर माणसाला त्याने भ्रम होण्याची भीती कमी असते. गोळ्यांनी भागले नाही, तर लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम तीनेक महिने टिकतो, मात्र क्वचित गिळणे आणखी अवघड होते.

चिकट लाळेसाठी उपाय नेमका उलटा: शरीरात पाणी पुरेसे जाऊ द्यावे, सलाइनचे नेब्युलायझेशन (मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार यंत्राने श्वासातून देणे) करावे आणि वाळवणारी औषधे कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. कफ पातळ करणारे औषध एकट्याने पुरत नाही. सुटलेला कफ बाहेर काढायला फिजिओथेरपिस्ट किंवा कफ असिस्ट यंत्र (हवा आत ढकलून लगेच बाहेर ओढणारे, खोकल्याचे काम करणारे) लागते.

हनुवटी पुसू नये, टिपावी. घासून आईची कातडी सोलवटली होती. तोंडातली लाळ ओढून काढणारे सक्शन मशीन घेताना बॅटरीवर चालणारे घ्यावे, कारण आमच्याकडे वीज नेमकी रात्री दोनला जायची.