'एन्व्हायरन्स' म्हणजे पर्यावरण नव्हे

भुसावळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पर्यटनाच्या एका पत्रकावर इंग्रजीत 'जळगाव अँड इट्स एन्व्हायरन्स' असा मथळा होता आणि त्याखाली मराठीत 'जळगाव व त्याचे पर्यावरण'. आत पाहावे तर मेहरूण तलाव, आसोदे, अजिंठा. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय, 'एन्व्हायरन' असे एकवचन चालते का, आणि मराठीत काय म्हणावे?

मराठी मथळा सपशेल चुकला आहे. एन्व्हायरन्स म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या भोवतीचा मुलूख. जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हिरों' म्हणजे वर्तुळ, फेरा. त्यावरून 'सभोवार' या अर्थाचा शब्द झाला आणि तो इंग्रजीत गेला. एन्व्हायरन्मेंट त्याच घरातला, म्हणून भाषांतरकाराची गल्लत झाली असावी. उच्चारात जोर 'व्हाय'वर, आणि शेवटचा स 'झ'कडे झुकतो.

एकवचन चालत नाही. नाम म्हणून हा शब्द इंग्रजीत कायम अनेकवचनी, क्रियापदही अनेकवचनीच घ्यायचे. 'एन्व्हायरन' असे क्रियापद आहे, वेढणे या अर्थाचे, पण आता ते जुन्या पुस्तकांतच भेटते. गंमत म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये क्रियाविशेषण म्हणून वापरलेल्या 'आँव्हिरों'चा अर्थ 'सुमारे' असा होतो.

शब्द तसा पुस्तकी आहे. एकोणिसाव्या शतकात बेडेकरांच्या (लोणच्यावाले नव्हेत, प्रवासी मार्गदर्शिका छापणारे जर्मन) 'लंडन अँड इट्स एन्व्हायरन्स'सारख्या पुस्तकांनी तो प्रवाशांच्या ओळखीचा केला. आपल्या पत्रकाने तोच साचा उचललेला दिसतो. या साच्यात आधी मध्यबिंदू सांगायचा, मग त्याभोवतीचे कडे. म्हणून नुसते 'एन्व्हायरन्समध्ये राहतो' म्हटले की वाक्य लंगडे होते. कशाच्या, ते सांगावेच लागते. आणि तो मध्यबिंदूही बऱ्यापैकी मोठा हवा. पानटपरीला एन्व्हायरन्स नसतात.

आता मराठी. पहिला शब्द सुचतो तो 'परिसर', आणि तोच बरोबर आहे. अमरकोशात 'पर्यन्तभूः परिसरः' असे म्हटले आहे, म्हणजे कडेची, लगतची जमीन. तंतोतंत एन्व्हायरन्स. पण आपण मराठीत या शब्दाला नको इतके राबवले. 'शाळेच्या परिसरात थुंकू नये' यातला परिसर कुंपणाच्या आतला आहे. 'बसस्थानक परिसरात चोरी' यातला निम्मा आत, निम्मा बाहेर. तिसरी-चौथीच्या 'परिसर अभ्यास'मध्ये तर पाणी, हवा, प्राणी, माणसे सगळेच येते, आणि तिथे तो खरोखर पर्यावरणाच्या जवळ जातो. त्यामुळे नुसते 'जळगावचा परिसर' म्हटले तर खुद्द जळगाव त्यात आहे की नाही, हे कळत नाही. मधे 'व' घातला की अडचण मिटते. 'जळगाव शहर व परिसरात अवकाळी पाऊस' ही बातमी वाचताना कुणी अडखळत नाही. शहर वेगळे, भोवतीचे वेगळे.

'शिवार' का नको, असेही वाचक विचारतात. आपल्या खान्देशात शिवार फार जिवंत आहे. जळगावातल्या कॉलनीतल्या प्लॉटच्या कागदावरही 'पिंप्राळा शिवार' किंवा 'मेहरूण शिवार' लिहिलेले असते, मग तिथे ज्वारी पिकून कितीही वर्षे झालेली असोत. पण शिवार म्हणजे त्याच गावाची जमीन, गावाच्या शिवेपर्यंत. शीव ओलांडली की दुसऱ्याचे शिवार सुरू. एन्व्हायरन्सला अशी शीव नाही, त्यात शेजारची चार गावेही येतात.

त्या अर्थाने 'पंचक्रोशी' जास्त जवळची. कोस ढोबळमानाने दोन मैलांचा धरला तर पाच कोस म्हणजे सोळा किलोमीटरच्या आसपास. काटेकोर मापाने तो शब्द कुणीच वापरत नाही. मात्र पंचक्रोशी म्हटले की डोळ्यांसमोर जमिनीपेक्षा माणसे येतात: यात्रेला लोटणारी, कुस्तीच्या फडाला जमणारी, लग्नपंगतीत बसणारी. पर्यटनाच्या पत्रकावर मला ती थोडी अवघडलेली वाटते. अहिराणीत 'गावना जोडे' म्हणतात ते 'गावाजवळ' एवढेच, त्यात भोवतालचे कडे नाही.

अंतराचा प्रश्न वाचकाने विचारलेला नाही, पण पत्रकातच तो दडला आहे. बहिणाबाईंचे माहेर आसोदे जळगावच्या एन्व्हायरन्समध्ये बिनदिक्कत बसते. गिरणेपलीकडचे बांभोरीही बसेल. मेहरूण तलाव तर शहरातच आहे, तो 'जळगाव'मध्येच मोजावा. अजिंठा मात्र साठेक किलोमीटरवर, जिल्हाही दुसरा. त्याला जळगावच्या एन्व्हायरन्समध्ये ओढणे म्हणजे हॉटेलवाल्यांचा हिशेब झाला, भाषेचा नव्हे.

जवळपासचे दोन-तीन शब्द उरले. व्हिसिनिटी म्हणजे नुसती जवळीक. ती दुकानाची, अपघाताच्या जागेची, अगदी रकमेचीही असू शकते: 'पाच लाखांच्या घरात' असे आपण म्हणतो तिथे इंग्रजीत व्हिसिनिटी चालते, एन्व्हायरन्स नाही. आउटस्कर्ट्स ही शहराचीच बाहेरची कड, जिथे घरे विरळ होत जातात. सबर्ब म्हणजे वस्तीचे उपनगर. धुळ्याचे उदाहरण घ्या: वलवाडी पूर्वी शेजारचे गाव होते, हद्दवाढीत ते महापालिकेत आले, तेव्हा आता ते सबर्ब. लळिंगचा किल्ला मात्र अजूनही एन्व्हायरन्समध्येच.

पत्रक पुन्हा छापणार असतील तर 'जळगाव आणि परिसर' एवढे पुरे. इंग्रजी मथळ्याला हात लावायची गरज नाही. अजिंठ्यासाठी खाली 'जळगावहून एका दिवसात' असा वेगळा रकाना करावा.