द्रव हेलियमचे तापमान मोजायला पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) चालेल का?

द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला नाही चालणार. द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, तो सुमारे २० ओहम दाखवतो आणि उत्तम काम करतो; पण २० केल्विनच्या बरेच खाली प्लॅटिनमचा रोध जवळजवळ बदलतच नाही. सिलिकॉन डायोड घ्या. १० मायक्रोअँपिअर स्थिर प्रवाहावर खोलीच्या तापमानाला साधारण ०.५ व्होल्ट, ४.२ केल्विनला १.६ च्या आसपास मिळतात, म्हणजे सर्किट सोपे. प्रवाह वाढवू नका, सेन्सर स्वतःच तापतो. खरी काळजी तारांची घ्या: जोडणी चार तारांची, आणि तारा फॉस्फर ब्राँझच्या. तांबे बाहेरची उष्णता थेट आत आणते. सेन्सरजवळ या तारा थंड भागाला गुंडाळून चिकटवा. हे बरेच जण विसरतात. शेजारी मोठे चुंबक असेल तर मात्र डायोड दगा देतो, तिथे सेर्नॉक्स (चुंबकाचा फारसा परिणाम न होणारा रोध-सेन्सर) बरा.