बंदुकीचा गंज : तेल सगळ्यात शेवटी

पावसाळा लागला की या सदराकडे गंजाचे प्रश्न यायला लागतात. एरवी शेतातली बारा बोरची बंदूक, मुलांची एअर रायफल, घरातली जुनी तलवार यांचा विषय कोणी काढत नाही, पण जुलैत कपाट उघडलं की लाल ठिपके दिसतात आणि मग धावपळ. यावेळी त्यातलेच काही प्रश्न घेतलेत. उत्तरांआधी एकच विनंती, साफसफाईला बसायच्या आधी नळी आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) उघडून डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा, आणि काडतुसं त्या खोलीत ठेवूच नका.

प्रश्न : दादा, मुळशीत आमची भातशेती आहे, रानडुकरांचा त्रास म्हणून वडिलांच्या वेळेपासून डबल बॅरल बारा बोर आहे. निवडणुकीला पोलीस स्टेशनला जमा केली होती ती आता परत मिळाली, तर नळीवर लाल डाग पडलेत आणि घोड्यांच्या खाली तर पापुद्राच आलाय. गावातला एक जण म्हणतो एमरी पेपर मारून टाक, चकचकीत होईल. मारू का?

उत्तर : एमरी अजिबात मारू नका काका. नळीवरचा जो काळा-निळा रंग आहे ना, ब्ल्यूइंग, तो रंग म्हणून मारलेला नसतो, लोखंडाचाच तो काळा ऑक्साईड आहे, अगदी पातळ थर, आणि तेल धरून ठेवायचं काम तोच करतो. एमरीने गंजाबरोबर तोही निघून जाईल, नळी चकचकीत दिसेल आणि येत्या पावसात उघड्या लोखंडावर याच्या दुप्पट गंज चढेल. बाजारात गंज काढायची लिक्विडं मिळतात त्यांचंही तेच, बहुतेकांत फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते गंज खातं आणि ब्ल्यूइंगही खातं. लिंबू, व्हिनेगर ही त्यातलीच मंडळी.

करायचं असं. नळ्या दस्त्यापासून, म्हणजे मागच्या लाकडी भागापासून, वेगळ्या करा, डागांवर हलकं मशीन ऑइल लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी स्टील वूल घ्या, पण भांडी घासायचं नाही, हार्डवेअरच्या दुकानात झिरो-झिरो-झिरो-झिरो म्हणजे चार शून्यांचं मागा, ते कापसासारखं मऊ असतं. तेल ओलं असतानाच नळीच्या लांबीच्या दिशेने हळूहळू चोळा, गोल गोल नाही. दर थोड्या वेळाने पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, फडक्यावर तांबूस रंग येतोय तोवर गंज निघतोय, काळपट यायला लागला की थांबा कारण आता ब्ल्यूइंग निघायला लागलंय. मग त्या जागेवरून नख फिरवा. नख सरळ सरकलं तर गंज वरवरचाच होता, नुसता डाग राहील, राहू दे. नख अडकलं तर खड्डा पडलाय, तो कशानेही भरून येत नाही, फक्त वाढू न देणं आपल्या हातात असतं.

बाहेरचे डाग दिसायला वाईट, पण खरी काळजी आतल्या बाजूची करा. पुलथ्रूने (नळीतून चिंधी ओढायची दोरी) किंवा गजाला चिंधी लावून चेंबरच्या बाजूने नळी साफ करा आणि पांढऱ्या भिंतीकडे धरून आरपार बघा. आतली चमक एकसारखी दिसायला पाहिजे. मधेच काळे ठिपके, खरखर किंवा सावलीसारखी गोल कडी दिसली, विशेषतः चेंबरजवळ, तर ती बंदूक उडवू नका, लायसन्स असलेल्या दुकानदाराकडे न्या, कारण बाराच्या नळीची भिंत पुढे पातळ होत जाते आणि खड्डा किती खोल गेलाय हे घरी कळत नाही. घोड्यांखालचा पापुद्राही त्यालाच काढू द्या, तिथे आत स्प्रिंगा असतात.

आणि तिथे कोणी म्हणालं की पूर्ण नळी नव्याने काळी करून देतो, तर पद्धत विचारल्याशिवाय हो म्हणू नका. सिंगल बॅरलला कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणाच्या टाकीत बुडवून काळं करतात, ते ठीक आहे, पण डबल बॅरलच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा मऊ सोल्डरने जोडलेल्या असतात, ते सोल्डर कॉस्टिक खातं आणि मग पट्टी सुटते, नळ्याच हलायला लागतात. डबल बॅरलला जुनी पद्धतच बरी : मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळी साध्या पाण्यात उकळायची, लाल गंज उकळत्या पाण्यात काळा होतो, तो ब्रशने घासायचा, परत गंज, परत उकळ. वेळ लागतो पण सोल्डरला धक्का लागत नाही.

आता पुढच्या वेळी जमा करताना काय? बंदूक तिथे कुठल्या खोलीत, किती दिवस राहील हे आपल्या हातात नाही, म्हणून ती गंजणार नाही अशीच बांधून द्यायची. आधी घामाचे हात लागलेत तिथे स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग बाहेरून आणि नळीच्या आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुण्याच्या माणसाला एक वस्तू सहज मिळते, व्हीसीआय बॅग. भोसरीत, चाकणला कारखान्यांत मशीनवरून उतरलेले पार्ट याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवतात, तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी एमआयडीसीत असेलच. त्या प्लास्टिकमधून एक रसायन हळूहळू वाफेसारखं सुटतं आणि लोखंडावर अदृश्य थर धरतं, पण तोंड नीट बंद असेल तरच. बंदूक आधी त्यात, मग वरून तुमचं कव्हर. नुसत्या कॅनव्हासच्या किंवा गोणपाटाच्या कव्हरात दिलीत तर ते कापड हवेतला ओलावा ओढून बंदुकीला चिकटवून ठेवतं, तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. देताना फोटो काढा, पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून मागा. आणि हे विसरू नका, नळीत ग्रीस आहे अशी चिठ्ठी ट्रिगर गार्डला बांधा आणि परत आल्यावर ते पूर्ण पुसल्याशिवाय गोळी झाडू नका, नळीत काहीही अडलेलं असलं की नळी फुगते, फाटते.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात एअर रायफलचा सराव करते. रायफल महागाची, लोन काढून घेतलीय. बॅरलवर आणि लिव्हरवर बारीक ठिपके यायला लागलेत, तेही फक्त तिचा हात लागतो तिथेच. रायफल तर पावसात कधी नेलेली नाही. मग गंज कुठून? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय, हात लागतो तिथेच. पाऊस लागायची गरजच नाही, घामातलं मीठ पुरतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा डोळ्याला न दिसणारा थर लोखंडावर बसतो आणि त्या थरात गंज सुरू होतो. काही मुलांच्या घामात मीठ जास्त असतं, त्यांच्या रायफलवर दोन दिवसांत बोटांचे ठसे उमटतात, त्यात तिची चूक काहीच नाही.

बरं, बहुतेक लोक काय करतात तर घरी आल्यावर तेलाचं फडकं फिरवतात. मीठ तेलात विरघळत नाही हो. ते तेलाखाली तसंच दबून राहतं आणि गंज आतल्या आत चालू राहतो. म्हणून आधी मीठ काढायचं : किंचित ओलसर, चांगलं पिळलेलं सुती फडकं, लगेच कोरडं फडकं, आणि मग तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन हलका हात. आधी मीठ काढायचं, मग पाणी पुसायचं, तेल शेवटी. हे रेंजवरच, बॅगेत ठेवायच्या आधी करायला शिकवा.

दुसरं कारण एसी. एसी हॉलमधून किंवा एसी गाडीतून रायफल गार होऊन बाहेर येते, तुम्ही घरी येऊन लगेच केस उघडता आणि जुलैची दमट हवा त्या गार लोखंडाला लागली की त्यावर दव धरतं, स्क्रूच्या खाचांत सुद्धा. केस बंदच ठेवा, रायफल खोलीएवढी होऊ दे, मग उघडा. पुसून झाली की रात्री केस थोडी उघडी राहू दे, कारण आतला फोम ओला झाला की तो आठवडाभर ओला राहतो.

एक धोक्याची गोष्ट मात्र नीट ऐका. मॅच रायफल दाबलेल्या हवेवर चालते, २०० बार (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत सिलिंडर भरतात. त्या सिलिंडरच्या तोंडाला, व्हॉल्व्हला, भरायच्या ॲडॅप्टरला साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस कधीही लावू नका, एवढ्या दाबाखाली पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं. तिथे कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही गरज असेल तर. आणि घरी हातपंपाने भरत असाल तर पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावा, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी थेट सिलिंडरच्या आत जातं.

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, त्याचाही सराव बालेवाडीचाच. तिथली सिनियर मुलं-मुली सराव संपल्यावर रायफल पुसताना बघायला सांगा तिला, बघून पटकन येतं. अल्युमिनियमच्या भागांचं टेन्शन नको, ते लोखंडासारखे गंजत नाहीत, पण घाम तिथूनही पुसायचाच.

प्रश्न : खोबरेल लावलं तर चालतं का? घरात तेवढंच असतं.

उत्तर : नको. खाद्यतेल हवेत राहून खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं, चिकट होऊन धूळ धरतं, आणि खोबरेल तर पुण्यात थंडीत थिजतं, मग आतला चाप जड चालतो. शिलाई मशीनचं तेल आणा, चांगलं असतं, फक्त पातळ असल्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी परत लावायला लागतं. स्प्रे कॅनवाली डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम आहे, भिजलेल्या बंदुकीवर पहिली तीच मारा, पण तिचा मागे राहणारा थर फार पातळ असतो, तेवढ्यावर पावसाळा काढू नका.

प्रश्न : गोदरेजच्या कपाटात डांबराच्या गोळ्या आणि एक बल्ब लावून ठेवलाय, पुरे आहे ना?

उत्तर : डांबराच्या गोळ्या कसरीला, गंजाचा त्यांचा संबंध नाही. बल्बची आयडिया मुळात बरोबर, पूर्वी पिवळा बल्ब आतली हवा जरा गरम ठेवायचा आणि गरम हवेत आर्द्रतेची टक्केवारी खाली येते, पण आता सगळ्यांकडे एलईडी, तो गरमच होत नाही. आणि पिवळा बल्ब लावलात तरी कपड्यांजवळ आगीचा धोका आहेच. सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे खडे, ठेवा, नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं ते घरात नको. रंग बदलला की ते भरलं, ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तासदोन तास तापवलं की परत कामाला तयार. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवून ५० टक्क्यांच्या आसपास धरा, ६० च्या वर गंजाचा वेग वाढतो, आणि फार खाली नेलंत तर दस्त्याचं लाकूड तडकतं. अजून एक, तेल लावलेली बंदूक काही दिवस तोंड खाली करून उभी ठेवा, नाहीतर जास्तीचं तेल उतरून दस्त्याच्या लाकडात जातं आणि लाकूड मऊ पडतं.

प्रश्न : भोरकडे आजोबांची ठासणीची (तोंडाकडून दारू ठासायची) बंदूक आहे, लायसन्सची आहे. बार काढला की तेल लावतो तरी आतून गंजते.

उत्तर : बंदुकीच्या काळ्या दारूची जी राख नळीत राहते त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते ओलावा ओढतात, आणि तेलाने जात नाहीत, तेल मिसळलं की उलट डांबरासारखा चिकटा होतो. त्याला औषध गरम पाणी. त्याच दिवशी, शक्यतो घरी आल्या आल्या, कडकडीत गरम पाण्यात थोडा साबण घालून नळी धुवा, साध्या गरम पाण्याने विसळा, नळी तापलेली असते त्यामुळे आतून पटकन वाळते, कोरड्या चिंध्या फिरवा आणि मगच तेल. निपल (टोपी बसवायची छोटी नळी) काढता येत असेल तर काढून वेगळं धुवा, पहिला गंज तिथेच धरतो. बंदुकीला पाणी लावायचं म्हटलं की लोकांना भीती वाटते, पण इथे पाणीच वाचवतं. जुन्या मिलिटरी काडतुसांचंही असंच होतं, त्यांच्या टोपीत (ठिणगी पाडणारा भाग) पोटॅशियम क्लोरेट असायचं, उडाल्यावर त्याचं मीठच मागे राहायचं, म्हणून जुने फौजी नळीत उकळतं पाणी ओतायचे.

प्रश्न : खंडेनवमीला घराण्यातल्या दोन तलवारींची पूजा करतो. दरवर्षी हळद-कुंकू लावलं त्या जागी काळे-लाल डाग पडतात. पूजा बंद करावी असं वाटत नाही. यंदा पितांबरीने घासून घ्याव्यात का? – सदाशिव पेठ

उत्तर : पूजा बंद करायचं काहीच कारण नाही. डाग पडतात ते ओल्या गंधाने, कालवलेल्या हळद-कुंकवाने आणि पात्यावर रात्रभर राहिलेल्या झेंडूच्या ओल्या फुलांनी. हळद-कुंकू मुठीला किंवा म्यानाला लावा, कोरडं लावा, फुलं आणि आपट्याची पानं शेजारी तबकात ठेवा, आणि दसऱ्याला संध्याकाळी वाट न बघता पुसून घ्या, आधी स्पिरिटने, मग कोरड्या फडक्याने.

पितांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, पात्यावर नको. चिंच, लिंबू, रांगोळी, राख काहीच नको. जुन्या पोलादी पात्यावर कधीकधी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, ती धातूतच असते पण घासून चकचकीत केली की दिसेनाशी होते, आणि मुठीवर कोफ्तगिरीचं सोन्या-चांदीचं काम असेल तर ते इतकं पातळ असतं की एका घासण्यात निघून जातं. पात्यावरचा जुना गडद तपकिरी रंग घट्ट बसलेला असेल, बोटाला लागत नसेल, तर तो तसाच राहू द्या. बोटाला लाल पूड लागली तरच तो चालू गंज, तेवढ्याच जागी मशीन ऑइल आणि मऊ फडकं.

तेलाऐवजी या तलवारींना मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, संग्रहालयांत वापरतात ते, एक पातळ हात लावून फडक्याने चकाकवायचं, त्यावर धूळ चिकटत नाही आणि पूजेत हात लागला तरी लगेच निघत नाही. आणि वर्षभर म्यानात ठेवू नका. म्यानाचं लाकूड, मखमल, चामडं ओलावा धरतं आणि टोकाकडून गंज सुरू होतो, जो बाहेरून दिसतच नाही. बाजीराव रोडला केळकर म्युझियममध्ये शस्त्रांच्या दालनात जुनी पाती नीट निरखून या, मग तुमच्या पात्यावरचा रंग आणि गंज यातला फरक पटकन ओळखता येईल. तलवार मऊ सुती कापडात सैलसर गुंडाळून कपाटात आडवी ठेवा, म्यान शेजारी, आणि श्रावणात एकदा उघडून बघा.